रतिबाचा हैबती

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या चिंचपाणंद गावाला रस्ता नव्हता, शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, पण तालीम मात्र होती, तेव्हाची ही गोष्ट. चार भिंती, वर कौलं, दारात मारुतीराया आणि आत तांबडी माती. त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू कालवून ती इतकी मऊ केलेली असायची की पडणाऱ्यालाही उठायचा कंटाळा यावा. त्या मातीतून हैबती पैलवान निघाला आणि त्याच्यामुळं आमच्या गावाचं नाव मुलूखभर झालं, असं म्हणतात. 'असं म्हणतात' हे मी आज पुष्कळदा म्हणणार आहे, बरं का. मी काही तिथं बघायला नव्हतो. पण ज्यांनी मला सांगितलं ती माणसं खोटं बोलणारी नव्हती. फार तर थोडं वाढवून सांगणारी होती, आणि तेवढा हक्क म्हाताऱ्या माणसांना असतोच.

हैबती सुताराचा पोरगा. तो पोटात असतानाच बाप पटकीच्या साथीत गेला, आणि त्याला जन्म देऊन आईही गेली. घरात दुसरं माणूस नाही. आता या पोराचं काय करायचं म्हणून गाव चावडीसमोर जमलं. कुणाच्या घरी आधीच पोरं फार, कुणाच्या घरी दुखणं, कुणाच्या घरी सून नवी. जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. तेव्हा पाटलाची बायको गजराबाई पुढं झाली. पाटलीण बाईनं चावडीसमोर बोलायचं नाही असा तो काळ, पण ती बोलली.

"एका घराला जड हुतंय न्हवं? मग समद्या घरांनी उचला. ज्याच्या दावणीला म्हस हाय त्यानं पाळीपाळीनं दूध घाला. एका घरावर बोजा न्हाई आन पोरबी जगंल."

असा तो रतीब सुरू झाला. आज शिंद्यांचं दूध, उद्या कुंभाराचं, परवा तेल्याचं, त्यानंतर गुरवाचं. सगळी घरं संपली की पुन्हा शिंद्यांचं. पोर रांगायला लागलं, चालायला लागलं, धावायला लागलं, पण रतीब काही थांबला नाही. गावातल्या प्रत्येक बाईला हैबती आई म्हणायचा. त्याला इतक्या आया झाल्या की लाड करणाऱ्या पुष्कळ आणि कान धरणाऱ्याही तितक्याच. गावानं त्याचं नावच पाडलं, रतिबाचा हैबती.

आता घरोघरचं दूध पोटात गेलेलं पोर ते. एका आईचं दूध प्यालेला माणूस एका माणसाएवढा होतो, मग हा केवढा झाला असेल ते तुम्हीच बघा. मिसरूड फुटायच्या आत त्यानं चिखलात रुतलेली गाडी बैलांसकट ओढून काढली, असं म्हणतात. गुरवाच्या विहिरीत रेडा पडला तेव्हा सगळे दोर शोधत बसले, आणि हैबतीनं खाली उतरून रेडा पाठीवर घेतला आणि पायऱ्या चढून वर आणला. वर आल्यावर रेडाच धापा टाकत होता, असं म्हणतात.

तालमीत दस्तगीर वस्ताद होते. एकेकाळचे नामी मल्ल, पण गुडघा मोडला म्हणून शिकवायला बसलेले. तोंडानं फार कडक. त्यांनी हैबतीला घडवला, आणि घडवताना एक गोष्ट त्याच्या कानात रोज घातली. कुस्ती नावासाठी लढायची. जिंकल्यावर खूश होऊन कुणी फेटा बांधला, हातात कडं घातलं तर घ्यायचं, पण तोंडानं काही मागायचं नाही. मागून लढला तो पैलवान नव्हे. त्या काळी सगळीकडं हीच रीत होती. गावचा पैलवान वर्षभर शेतात राबायचा आणि जत्रेत लढायचा. कुस्तीवर पोट भरायचं ते राजेरजवाड्यांच्या पदरी असलेल्या मल्लांनी.

हैबती जत्रेमागून जत्रा मारत सुटला. त्याची पाठ मातीला लागलेली कुणी बघितली नाही. तो कुस्ती मारून आला की गाव वेशीपर्यंत हलगी घेऊन जायचं. आमच्या दुधाचा पैलवान, आमच्या दुधाचा पैलवान, असं म्हणत प्रत्येक घर छाती पुढं काढून हिंडायचं. कुणाच्या रतिबाच्या दिवशी तो जिंकला यावरून बायकांत भांडणंसुद्धा लागायची.

मग ते वाईट वर्ष आलं.

गुरांना बुळकांडी लागली. आजच्या पोरांना हा रोग ठाऊक नाही, आणि नको ठाऊक व्हायला. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि म्हैस खाली बसली की उठायचीच नाही. गोठेच्या गोठे ओस पडले. ज्या गावात सकाळी धारांचा आवाज घराघरातून यायचा, तिथं मोजक्या म्हशी उरल्या, त्याही खंगलेल्या. आणि त्याच वर्षी परगावच्या जत्रेत हैबतीची मोठी कुस्ती ठरलेली.

तेव्हा आमच्या गावानं एक चूक केली. चूक म्हणजे काय, गाव वेडंच झालं म्हणा. सगळ्यांनी आपसात ठरवलं की काहीही होवो, पैलवानाचं दूध तुटता कामा नये. गावाची अब्रू त्याच्या अंगावर आहे. उरलेल्या म्हशींचं सगळं दूध गोळा करायचं आणि ज्या घराचा रतीब असेल त्या घरानं ते आपलं म्हणून तालमीत पोचवायचं. हैबतीला कळू द्यायचं नाही. पोरांना काय, पेज चालेल, माडगं चालेल. म्हणणाऱ्यांना वाटत होतं आपण केवढा त्याग करतोय. पोटं मात्र पोरांची मारली जात होती.

हैबतीला खरंच कळलं नाही. रोज चरवी भरून येत होती आणि तो पीत होता. एके दिवशी तो व्यायाम आटोपून वेळेआधीच निघाला आणि वाटेत कुंभाराच्या घरापाशी आला. आत एक लेकरू रडत होतं. दोन-तीन वर्षांचं असेल. आवाजात जोर नव्हता, नुसतं कण्हल्यासारखं रडणं. चुलीपाशी चरवी ठेवलेली, आणि लेकराचा हात तिकडं. कुंभारीण त्याला मांडीवर घेऊन समजावत होती.

"न्हाई रं राजा, त्ये आपलं न्हाई. आज आपला रतीब हाय. पैलवानाचं दूध त्ये. तू पेज पी, शाना माझा."

हैबती दारात उभा राहिला. त्यानं चुलीपाशी चरवी बघितली, लेकराचं सुटलेलं पोट बघितलं, आणि मग गोठ्यातली रिकामी दावण बघितली. मोठमोठे मल्ल अंगावर घेतलेला गडी, पण तिथं उंबऱ्यावर मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

"आई, म्या इतके दिस ह्या लेकरांच्या तोंडचं प्यालो?" एवढंच त्याच्या तोंडून आलं.

त्यानं आपल्या हातानं ती चरवी लेकराच्या ओठाला लावली. आणि तिथंच, गावदेवी वाघजाईचं नाव घेऊन बोलला, की ज्या ज्या घरानं मला दूध घातलं त्या प्रत्येक दारात पुन्हा दुभती म्हैस उभी राहिल्याशिवाय मी दुधाचा थेंब तोंडात घेणार नाही.

पैलवानानं दूध सोडलं! गाव हबकलं. पण हैबती हटला नाही. त्यानं हुलग्याचं माडगं आणि जोंधळ्याची भाकरी यावर अंग धरलं. हुलगे घोड्याला घालतात, तर मीबी घोडाच, असं तो हसत म्हणायचा. आणि परगावच्या त्या ठरलेल्या जत्रेत, आखाड्यात उतरायच्या आधी, त्यानं पंचांसमोर हात जोडून सांगितलं.

"फेटा नगं, कडं नगं. जिंकलो तर येक दुभती म्हस द्या. न्हाईतर म्या उतरत न्हाई."

कुस्तीआधी इनाम ठरवून लढणारा, कुस्ती हाच धंदा म्हणून गावोगाव फिरणारा आमच्या मुलखातला पहिला पैलवान हैबती, असं म्हणतात. आज ज्या पैलवानाचं घर कुस्तीवर चालतं त्यानं त्याची आठवण ठेवावी. कारण तेव्हा त्याला लोकांनी काय काय म्हटलं! कुणी म्हशीवाला म्हणालं, कुणी गवळी म्हणालं. जत्रेत पोरं त्याच्यामागं म्हशीसारखी रेकत फिरायची. ते सगळं त्यानं हसून सोसलं. सोसलं नाही ते एकच. दस्तगीर वस्तादांनी त्याला तालमीच्या दारातच अडवलं.

"मागून लढलास? अरे, मागतो तो भिकारी. माझी विद्या बाजारात मांडलीस तू. आजपास्नं ह्या मातीत पाय ठेवायचा न्हाई."

कुणासाठी मागितलं हे वस्तादांना ठाऊकच होतं. हैबतीनं दारातूनच वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि निघाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, असं म्हणतात.

मग सुरू झाली त्याची भटकंती. जत्रा कुठली सोडली नाही. कुठं कोकणातून आलेला मल्ल, कुठं कर्नाटकातला, कुठं घाटावरचा. हैबती जिंकायचा, म्हशीचा कासरा हातात घ्यायचा आणि गावाकडं चालायला लागायचा. म्हशीच्या चालीनं चालायचं म्हणजे आठ-आठ दिवसांची वाट. एकदा नदीला पूर आला होता आणि म्हैस पाण्याला बुजत होती, तर त्यानं म्हैस एका खांद्यावर आणि रेडकू दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि नदी ओलांडली, असं म्हणतात. मला विचाराल तर म्हैस पोहतच आली असणार, म्हशीला पोहायला कुणी शिकवावं लागत नाही. पण रेडकू त्यानं खांद्यावर घेतलं असेल, एवढं मी मानतो. तसा तो होताच.

गावात आला की रतिबाच्या क्रमानंच म्हैस बांधायचा. आधी शिंदे, मग कुंभार, मग तेली, मग गुरव. दावणीला बांधून बाईच्या पाया पडायचा, "आई, तुझं दूध" म्हणायचा आणि पुन्हा वाटेला लागायचा. यात वर्षं गेली. त्याच्या मिशा पिकल्या, कान फुटून गोळा झाले. पण हळूहळू गावात सकाळी धारांचे आवाज परत यायला लागले. पोरांच्या गालावर तुकतुकी आली. कुंभाराचं ते लेकरू तर चांगला बापया गडी झाला.

शेवटी पाटलाच्या दारातही म्हैस बांधली गेली आणि फेरा पुरा झाला. तेव्हा गावाचं मन भरून आलं. पाटलानं स्वतः त्याला बसवून घेतलं. "हैबत्या, झालं रं बाबा. समद्यांचं फेडलंस. आता दूध घे आन निवांत ऱ्हा."

हैबती म्हणाला, "न्हाई पाटील. अजून येक घर ऱ्हायलंय."

गावानं बोटं मोजली. कुठलंच घर राहिलं नव्हतं. मग गजराबाई म्हणाली, अरे, त्याचं स्वतःचं घर! त्याला कुठं घर आहे? सगळ्यांना ते पटलं आणि लाजही वाटली. ज्यानं सगळ्यांचे गोठे भरले तो अजून देवळाच्या ओवरीत झोपत होता. हैबती शेवटच्या कुस्तीला गेला आणि इकडं गावानं त्याच्यासाठी घर उभारायला घेतलं. कुंभारानं कौलं दिली, सुतारांनी लाकूड तासलं, बायकांनी भिंती लिंपल्या. पुढं छान गोठा केला.

ती शेवटची कुस्ती नदीपलीकडच्या एका राजाच्या आखाड्यात होती. राजाच्या पदरी बुलाखी नावाचा मल्ल होता, उत्तरेकडून आणलेला. परातभर बदाम आणि घागरभर दूध हा त्याचा खुराक. राजानं पिकल्या मिशांच्या हैबतीला बघितलं आणि अट घातली. जिंकलास तर गोठ्यातली हवी ती म्हैस घे. हरलास तर जन्मभर माझ्या पदरी राहायचं, गावाकडं तोंड करायचं नाही.

हरला तर ते राहिलेलं घर कायमचं राहणार होतं. तरी हैबतीनं लंगोट कसला.

उन्हं डोक्यावर असताना सलामी झाली आणि सावल्या लांब झाल्या तरी कुस्ती सुटेना. बुलाखी ताजा, हैबती थकलेला. शेवटी बुलाखीनं त्याला खाली घेतला आणि वर बसून दाबायला लागला. हैबतीची पाठ मातीपासून बोटभर उरली. पंच गाल मातीला टेकवून बघत होते. आता लागली, आता लागली! पण पाठ काही लागेना. बुलाखीनं सगळा भार टाकला तरी ते बोटभर अंतर मिटेना.

पुढं बुलाखीनंच आपल्या तोंडानं सांगितलं, असं म्हणतात, की हैबतीच्या पाठीखाली कुणाचे तरी हात होते. एका माणसाचे नव्हेत, पुष्कळ हात. आणि मी दाबायला लागलो की मला खालून बांगड्या वाजल्याचं ऐकू यायचं.

बांगड्यांच्या आवाजानं बुलाखी दचकला आणि त्याची पकड किंचित सैल झाली. हैबतीला तेवढं पुरे होतं. त्यानं उसळी घेऊन बगलेतून हात घातला, कंबर वळवली आणि ढाकेचा डाव मारला. बुलाखी हवेतून फिरला आणि त्याला अस्मान दिसलं. सगळा आखाडा उभा राहिला. बुलाखी खरा मर्द गडी, त्यानंच उठून हैबतीला खांद्यावर घेतला.

राजानं गोठा उघडला. हैबतीनं तेल लावलेल्या, झूल घातलेल्या म्हशी सोडल्या आणि कोपऱ्यातली एक शांत म्हैस निवडली. पायाशी रेडकू होतं आणि ती कुणालाही पान्हा देत होती.

गाव वेशीवर हलगी घेऊन उभंच होतं. सगळ्यांनी त्याला मिरवत नव्या घरापाशी आणलं. हैबतीनं ते घर बघितलं, लिंपलेल्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरले. पण म्हैस तिथं बांधली नाही. त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि कासरा धरून पुढं चालायला लागला. चावडी मागं पडली, देऊळ मागं पडलं, गावाची दुसरी वेसही मागं पडली. हलगी वाजायची थांबली. वेशीबाहेरच्या वस्तीत, जिथं गावानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथं एका झोपडीपुढं तो थांबला.

ती धोंडाईची झोपडी. धोंडाई गावची सुईण. गावातली अर्धीअधिक माणसं तिच्याच हातांनी जगात आली होती, आणि आल्यानंतर तिची सावलीही टाळत होती. म्हातारी बाहेर आली. म्हैस बघून मागं सरली.

"माझ्या दारात नगं बांधू लेकरा. गाव काय म्हनंल?"

पाटील मागून आले होते. ते घुटमळत म्हणाले, "हैबत्या, हे घर रतिबात कुठं हुतं? आन हितलं दूध कुनी प्यावं?"

"म्या प्यालोय," हैबती म्हणाला. "आई गेली तवा तुमी चावडीम्होरं बसून ठरवत हुता, पोर कुनी घ्यायचं. तवर म्या काय हवा खाऊन जगलो व्हय? हिचं लेकरू अंगावर हुतं. येका अंगाला त्ये आन येका अंगाला म्या. समद्यात पयला रतीब हिचा. मला वस्तादानं ल्हानपनीच सांगितलं हुतं. तुमालाबी ठावं हुतं. बोललं न्हाई कुनी."

खरंच सगळ्यांना ठाऊक होतं. हैबतीनं खुंट ठोकला आणि म्हैस बांधली. धोंडाईकडून चरवी मागून घेतली आणि खाली बसून स्वतः धार काढली. पहिलं दूध धोंडाईच्या नातवंडांना दिलं. मग त्याच चरवीला तोंड लावून, कित्येक वर्षांनी, तो दूध प्याला. धोंडाई रडत होती आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

तेवढ्यात गर्दी सारत लंगडत लंगडत दस्तगीर वस्ताद पुढं आले. त्यांनी हैबतीच्या हातातून चरवी घेतली.

"आधी पठ्ठ्या प्याला आन मग वस्ताद. उलटंच झालं, पर असू दे," ते म्हणाले आणि उरलेलं दूध प्यायले. मग त्यांनी सगळ्यांदेखत हैबतीला छातीशी धरलं. "म्या तुला भिकारी म्हनलो रं. माफ कर."

त्यानंतर गजराबाईनं आपलं नातवंड पुढं आणलं, आणि कुंभारणीनं आपलं. काहींनी मात्र तोंडं फिरवली आणि ते घरी गेले, हेही मी सांगतो. गाव एका दिवसात शहाणं होत नाही. आमचंही झालं नाही. पण सुरुवात त्या दिवशी झाली, आणि त्याबद्दल आम्ही हैबतीचे उपकार अजून मानतो.

पुढं हैबती त्या नव्या घरात राहिला, तालमीत पोरं घडवत म्हातारा झाला आणि सुखानं गेला.

आजही वाघजाईच्या जत्रेत, आखाड्याची पूजा झाली तरी, कुस्ती लगेच लागत नाही. आधी आखाड्याच्या कडेनं गावातली सगळी लेकरं एका रांगेत बसतात, सगळ्या वस्त्यांतली, सगळ्या जातींची. पहिली चरवी धोंडाईच्या घरून येते आणि तिच्यात घरोघरचं दूध मिसळतात. लेकरं प्याली की कुस्ती लावणारा मोठ्यानं विचारतो, "कुणाचं लेकरू ऱ्हायलं का?" तीनदा विचारल्यावर कुणी बोललं नाही तरच हलगीवर थाप पडते. बाहेरून आलेल्या मोठमोठ्या पैलवानांनाही आधी हे सांगितलेलं असतं.

गेल्या जत्रेची गोष्ट. दोन नामांकित मल्ल लंगोट कसून, अंगाला माती लावून समोरासमोर उभे. माणसं झाडांवर चढलेली. तिसऱ्यांदा विचारणं झालं, हलगीवाल्यानं हात उचलला, आणि पार मागून एका बाईचा आवाज आला, "थांबा वो, आमचं ऱ्हायलंय!" ऊसतोडीला आलेली परगावची बाई होती, कडेवर एवढीशी पोरगी. माणसांनी वाट करून दिली. पोरगीला आखाड्याच्या काठावर बसवली आणि तिच्या हातात पेला दिला. ती एक घोट घ्यायची, पैलवानांकडं टकामका बघायची आणि मग दुसरा घोट घ्यायची. दोन्ही मल्ल हात जोडून उभे होते. सगळी जत्रा उभी होती. पोरगीनं पेला रिकामा करेपर्यंत कुणी घाई केली नाही.